पंचमाची तार आणि तुम्ही सगळे

परवा गांधर्व महाविद्यालय मंडळाची शास्त्रीय गायनाची पहिली, प्रारंभिकची परीक्षा दिली. वय ६३. माझ्या आधीचा परीक्षार्थी पाचवीतला, त्याने विचारलं, "आजी, तुम्ही परीक्षक का?"

दाराशी बसून तानपुरा लावत होते. घाईत खुंटी जास्त पिळली आणि पंचमाची, म्हणजे 'प' सुराची तार तटकन तुटली. चूक माझीच. तेवढ्यात एका मुलीने पर्समधून तारेचं वेटोळं काढलं. शेजारच्या काकांनी तार चढवली, तारा टेकतात त्या घोडीवर जव्हारीचा, म्हणजे सुराला गुंजन देणारा दोरा केसभर मागेपुढे सरकवत राहिले, सूर गुंजेपर्यंत. नाव विचारायला वळले तर दोघंही गायब!

दुर्गा रागात गंधार वर्ज्य, 'ग' घ्यायचाच नाही, माझा गळा नेमका तिथेच घसरला. पुढे समही, तालाची पहिली मात्रा, चुकली. तबल्यावरच्या दादांनी मान हलवून सम दाखवली, ठेका मात्र जराही हलू दिला नाही.

१९०१ साली गायक विष्णु दिगंबर पलुसकरबुवांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकांच्या पैशावर. राजाश्रयावर नाही. आजही अशा संस्था चालतात त्या सुट्टीच्या दिवशी सतरंज्या घालणाऱ्या, फॉर्म तपासणाऱ्या, चहा देणाऱ्या माणसांवर. पावतीवर त्यांची नावं नसतात.

तारवाली मुलगी, दोरावाले काका, तबल्यावरचे दादा, मनापासून आभार. आणि चहावाल्या मावशी, घसा बसला होता हे तुम्हाला कसं कळलं? आलं अगदी बेताचं होतं.

निकाल अजून यायचाय. नवी तार मात्र घेऊन ठेवली आहे, दोन.