रडार सिम्युलेटर म्हणजे गेम नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातली पोरं आता मर्चंट नेव्हीकडं वळायला लागलीत, चांगलंच आहे, पण घरात एक बोलणं हमखास ऐकू येतं की एवढी फी भरून पोरगं मुंबईला नाहीतर गोव्याला जातंय आणि तिथं करतंय काय, तर कॉम्प्युटरवर जहाज जहाज खेळतंय. हा 'खेळ' म्हणजे रडार सिम्युलेटर, जहाजावरच्या रडारची कॉम्प्युटरवरची नक्कल. मी जहाजावर ऑफिसर होतो, आता रिटायर होऊन टिळकवाडीत असतो, म्हणून लिहितोय.

रडारवर दुसरं जहाज म्हणजे नुसता ठिपका. तो कुठं चाललाय ते एका नजरेत कळत नाही, कारण आपणपण चाललेलो असतो आणि दिसते ती दोघांची मिळून चाल. म्हणून दर ६ मिनिटांनी (तासाचा दहावा भाग, हिशोब सोपा) तो आपल्यापासून कुठल्या दिशेला आणि किती अंतरावर दिसतोय ते कागदावर मांडून रेघ ओढायची (यालाच प्लॉट करणं म्हणतात), ती आपल्यापासून किती लांबून जातीय बघायचं. दिशा तीच राहिली आणि अंतर कमी होत गेलं की समजायचं, टक्कर ठरलेली. आता आर्पा (रडारला जोडलेलं प्लॉटिंगचं यंत्र) हे सगळं आपोआप काढतं, पण वेक्टर, म्हणजे ठिपक्याची चाल दाखवणारी रेघ, रिलेटिव्ह (आपल्या चालीच्या तुलनेत) लावलाय का ट्रू (त्याची स्वतःची चाल) हेच विसरलं तर अख्खं चित्र चुकीचं वाचलं जातं.

१९५६ साली अमेरिकेजवळ आंद्रेआ डोरिया आणि स्टॉकहोम ही दोन प्रवासी जहाजं धडकली, ५१ माणसं गेली. रडार दोघांकडं होतं, दोघांनी एकमेकांना रडारवर लांबूनच बघितलंही होतं! पण डोरियावर कुणी प्लॉट केलंच नाही, एक थोडं डावीकडं वळलं, दुसरं उजवीकडं, आणि थेट एकमेकांवर. धुक्यात समोरच्या जहाजासाठी डावीकडं वळायचं टाळा, वळायचं तर त्याला कळेल एवढं ठळक वळा, हे आजच्या नियमात आहे. पाठ सगळ्यांचंच असतं हो, पण मध्यरात्री चार ठिपके एकदम अंगावर आले की हात कुठं वळतो ते सिम्युलेटरवरच कळतं, आणि तिथं कुणी मरत नाही.

आपल्या कारवार-मालवणच्या समुद्राचंच बघा. ऑगस्टात बंदी उठली की होड्या बाहेर पडतात, पाऊस अजून चालूच असतो. रडारवर लाटांचा कचरा दिसतो म्हणून तो पुसणारा सी क्लटरचा नॉब जरा जास्त फिरवला की लाटांबरोबर होडीपण गायब. लाकडी नाहीतर फायबरची होडी, तिचा इको (तिच्यावर आपटून परत येणारा सिग्नल) तो केवढा. चांगला इन्स्ट्रक्टर मुद्दाम अशी होडी ठेवतो, पोरगा तिच्यावर गेला की एक्सरसाइज थांबवून रिप्ले लावतो, आणि खरी शिकवणी त्या रिप्लेत असते.

एसटीसीडब्ल्यू या जहाजावरच्या लोकांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय करारानं रडार आणि आर्पाचं सिम्युलेटर ट्रेनिंग सक्तीचं केलंय, पण सर्टिफिकेटपुरतं उरकणारेही असतात आणि एजंट लोक तेवढंच विकतात. पालकांनी डीजी शिपिंगची (केंद्र सरकारच्या जहाज खात्याची) मान्यता आहे का बघावंच, शिवाय एका कन्सोलवर किती पोरं बसवतात, प्रत्येकाला स्वतः कमांड घ्यायला मिळते का, हेही विचारावं. आणि आपल्या मंडळांनी करिअर मेळाव्यात स्टेजवर एजंटला बसवण्यापेक्षा सुट्टीवर घरी आलेला गावातलाच एखादा सेकंड ऑफिसर बोलवावा, तो फुकट येईल आणि मराठीत सांगेल.

– एक निवृत्त जहाज अधिकारी, टिळकवाडी, बेळगाव