इंद्रायणी भाताचं बी घरी राखायला शिकवणाऱ्या ताईंना

कृषी सहाय्यक ताई,

तुमची मावळातून बदली झाली, पण खाचरांतली लावणीची दोरी अजून पंधरा-पंचवीस सेंटीमीटरच्या खुणांचीच आहे. त्याबद्दल हे जाहीर आभार.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या जातींच्या संकरातून १९८७ मध्ये इंद्रायणी दिली, हे इथे पोरालाही ठाऊक. ती घरच्या घरी शुद्ध कशी ठेवायची, ते मात्र तुम्ही बांधावर उभं राहून दाखवलंत. भात स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने दाणा धरणारा, त्यामुळे दुसऱ्या जातीपासून ३ मीटर अंतर पुरतं. दरसाल पिशवी विकत घ्यायला नको. घात होतो तो भेसळीने. गेल्या सालचं गळलेलं बी उगवतं, नाहीतर खळ्यावर दुसऱ्या भाताचे दाणे राहिलेले असतात. म्हणून बियाण्याच्या तुकड्यात तीनदा फिरायचं: फुटव्यात, फुलोऱ्यात आणि कापणीआधी. उंच, कुसळाची, आगेमागे निसवलेली (लोंबी बाहेर पडलेली) झाडं मुळासकट उपटायची. नुसती लोंबी खुडली तर मागचा फुटवा निसवतो आणि मेहनत वाया!

पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगलेले पोचट दाणे काढायचे, तळाचं बी दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. धुण्याचा कंटाळा केला की उगवण मार खाते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो खताच्या गोळ्यांवरून. आपल्याकडे पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं, फेकलेला युरियाही त्याच्यासोबत जातो. वर पीक माजून करपा रोग वाढतो तो वेगळाच. दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आलटून-पालटून खुणा, दोन्ही बाजूंनी तसंच अंतर, चुडात दोन-तीन रोपं. जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, लावणीच्याच दिवशी, ७ ते १० सेंटीमीटर खोल. गुंठ्याला साधारण सव्वासहाशे गोळ्या. चिखल घट्ट झाल्यावर खोचल्या तर भोक उघडं राहून अमोनिया उडतो, आणि मग लोक गोळीलाच नावं ठेवतात.

यंदाचं बी वेगळं कापलं, वेगळं झोडपलं आणि दाताखाली दाणा कट्कन मोडेपर्यंत वाळवलं. पोत्यावर जात, खाचर आणि साल लिहिलेली चिठ्ठी आहे. एक चिठ्ठी आतही टाकली आहे. वरची उंदीर खातात, हे तुम्हीच सांगितलं होतं.

तुमचे,
मावळातले भातवाले