नक्षीवर नक्षी : बिघडते ते अर्धवट साम्यामुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेहरावाविषयीच्या सदरांतून एक सल्ला इतक्या वेळा दिला जातो की आता तो नियमच वाटू लागला आहे : एक कपडा नक्षीचा असेल, तर दुसरा साधा एकरंगी घ्या. सल्ला चुकीचा नाही, आळशी आहे. दुसऱ्या टोकाला ‘आत्मविश्वास असला की काहीही खपते’ म्हणणारे असतात. आत्मविश्वासाने चौकडीचा आकार बदलत नाही. दोन नक्ष्या एकत्र का शोभतात आणि का फसतात, याची कारणे बरीचशी पट्टीने मोजता येण्यासारखी आहेत. ती मांडण्यासाठी हे पत्र.

दोन नक्ष्या फार वेगळ्या असल्या की जोडी विजोड दिसते, असा समज आहे. बहुतेक वेळा घडते उलटेच. ४ सेंमी फुलांचा शर्ट आणि ५ सेंमी फुलांचा स्कर्ट एकत्र आले की तो फसलेला जोड वाटतो. एकाच ताग्यातले कापड मिळाले नाही म्हणून दुसरे लावल्यासारखा. १ सेंमीच्या पट्ट्यांशेजारी दीड सेंमीचे पट्टे, किंवा गडद निळ्याशेजारी किंचित हिरवट झाक असलेला गडद निळा, यांचेही तेच. डोळा साम्य शोधत असतो. ते जवळपास सापडते, पण पुरते जुळत नाही, आणि नजर तिथेच अडखळते. फरक ठसठशीत असला की तो मुद्दाम केला आहे हे पाहताक्षणी कळते.

म्हणून रंगाच्या आधी आकार. नक्षीचे एक एकक मोजा : फुलाची रुंदी, ठिपक्याचा व्यास, चौकडीच्या एका घराची बाजू. दोन कपड्यांच्या एककांत निदान तिपटीचा फरक असू द्या. १ सेंमीच्या ठिपक्यांबरोबर ३ ते ४ सेंमी घरांची चौकडी सहज बसते. दोन्ही नक्ष्या एकाच जातीच्या असतील, म्हणजे पट्ट्यांवर पट्टे किंवा फुलांवर फुले, तर तिपटीवर तडजोड करू नये. जाती वेगळ्या असल्या, उदाहरणार्थ सरळ रेघा आणि वळणदार वेलबुट्टी, तर दुपटीवरही निभावते, कारण तिथे आकाराचे अर्धे काम रेषेचे वळण करते.

नुसते एकक मोजून भागत नाही, मधली मोकळी जागाही पाहा. ५ मिमीचा ठिपका ६ सेंमी अंतराने विखुरलेला असेल, तर ते कापड जवळजवळ साध्यासारखे वागते आणि कशाहीबरोबर जाते. तोच ठिपका १ सेंमी अंतराने दाटीवाटीने आला की ती भरगच्च नक्षी झाली. दोन भरगच्च नक्ष्या एकमेकींना चिकटून आल्या की नजरेला टेकायला जागा उरत नाही. तेव्हा कमरेवर ३-४ सेंमी रुंदीचा साधा पट्टा किंवा वरून उघडे एकरंगी जाकीट पुरते.

आणखी एक चूक फार होते : नक्षी टेबलावर पसरून पाहिली जाते, अंगावर नाही. १० सेंमीचे फूल ३ सेंमीच्या चुण्यांत गेले की त्याच्या फक्त रंगीत फाकी उरतात. स्कार्फ किंवा ओढणी पसरून जुळवाल, पण वापराल घडी घालून. मग दिसणारी नक्षी निराळीच. मोठी नक्षी सपाट पडणाऱ्या भागावर ठेवावी. चुण्या आणि झालर यांत बारीक नक्षी टिकते.

अंतराचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. सामान्य दृष्टी कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. त्यामुळे १ मिमी काळी आणि १ मिमी पांढरी अशा रेघांचे कापड साधारण साडेतीन मीटरांपलीकडून सलग राखाडी दिसते. म्हणजेच बारीक रेघांचा शर्ट घेऊन ‘आता पँट साधीच हवी’ म्हणणाऱ्याने दुरून पाहणाऱ्यासाठी दोन एकरंगी कपडेच घातलेले असतात. तपासायला मोठी खोली लागत नाही. आरशापासून दोन मीटरवर उभे राहा, प्रतिमा चार मीटरांवर असते.

याच्या उलट दुखणे आहे ते ठळक काळ्यापांढऱ्या, सुमारे ३ मिमी रुंदीच्या पट्ट्यांचे. मीटरभर अंतरावरून ते अक्षरशः थरथरतात आणि समोर बसलेल्याला त्रास देतात. हा दोष त्या एका कापडाचा आहे, जोडीचा नव्हे, त्यामुळे सोबत दुसरे काहीही घातले तरी तो जात नाही. पांढऱ्याऐवजी राखाडी किंवा काळ्याऐवजी मध्यम निळा घेतला की पुष्कळ निवळतो. पारदर्शक रेघांची ओढणी रेघांच्याच कुर्त्यावर आली, तर दोन्हींच्या रेघांतून तिसरीच लाटांसारखी नक्षी उमटते आणि चालताना ती सरकत राहते. व्हिडिओ कॉलवर बारीक चौकडी अशीच सळसळते. तिथे कापडाच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या चौकोनी बिंदूंची जाळी यांची गाठ पडलेली असते.

रंगाबद्दल थोडक्यात. एक रंग दोन्ही कपड्यांत असावा, आणि तो नजरेत भरण्याइतका असावा. पानाच्या टोकावरचा लाल ठिपका धरून जुळणी होत नाही. मोबाइलवर जोडीचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. दोन्ही कापडे सारख्याच करड्या छटेची झाली तर जोडी सपाट आहे, एक गडद आणि एक फिकी हवी. जुळवणी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात करावी. ट्यूबलाइटखाली एकसारखे वाटणारे दोन निळे उन्हात वेगळे पडू शकतात, कारण त्यांची रंगद्रव्ये वेगवेगळी असतात. पांढऱ्याला विशेष जपा : एकाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग, शुभ्र आणि दुसऱ्याची सायीसारखी असली की दुसरे मळकट दिसते. बिचारे ते स्वच्छच असते.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, या समजाबद्दलही जाता जाता. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच नोंदवले होते की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. अंगावर पट्टे वाकतात, त्यामुळे कपड्यांत हा परिणाम जसाच्या तसा मिळेल असे नाही. पण निव्वळ त्या भीतीपोटी आडवे पट्टे टाळण्याचे कारण नाही.

एकाच कपड्यात दोन नक्ष्या शिवायच्या असतील तर काम वाढते. दोन्ही कापडे आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात एक आटते, दुसरे आटत नाही आणि शिवण गोळा होते. ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद कापड दहा वेळा घासून पाहा; फडके रंगले तर फिक्या कापडाशी ते जोडू नका. चौकडी जुळवायची असेल तर जुळवायच्या प्रत्येक भागामागे नक्षीच्या एका पूर्ण आवर्तनाएवढे (नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंतच्या लांबीएवढे) कापड जादा धरा : आवर्तन १२ सेंमीचे आणि भाग चार, तर ४८ सेंमी. छापील पट्टे अनेकदा धाग्याशी तिरके बसलेले असतात. किनारीला गुण्या (काटकोनी पट्टी) लावून ते कापण्यापूर्वीच तपासावे. शिवल्यावर दुरुस्ती नाही. खिशाची चौकडी जुळत नसेल तर खिसा सरळ ४५ अंशांत उरेबी, म्हणजे धाग्याशी तिरका, कापा. पुन्हा अर्धवट साम्यापेक्षा उघड फरक बरा.

तीन नक्ष्या घ्यायच्या झाल्या तर दोन एका जातीच्या, पण आकाराने दूर, आणि तिसरी वेगळ्या जातीची. सगळ्यात मोठी नक्षी सगळ्यात जास्त जागेवर, सगळ्यात बारीक टायवर नको. टायची नक्षी शर्टाच्या नक्षीहून मोठीच असावी, नाहीतर ती शर्टात बुडते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. पुरवणीत अशा जोड्यांची छायाचित्रे छापताना त्यांखालच्या ओळीत ‘फुलांची नक्षी’, ‘चौकडी’ एवढेच न लिहिता तिचा आकार सेंमीत द्यावा. छपाईतल्या ठिपक्यांशी गाठ पडून बारीक चौकडी छायाचित्रात भलत्याच लाटांची दिसते, आणि वाचक ती भलतीच नक्षी शोधत दुकाने पालथी घालतो.

आपले,
शिवणकाम आणि वस्त्ररचना शिकवणारे काही वाचक