बागेतल्या कलमांची पानं आणि सॉफ्टनरचा पाइप : चौथं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय : फळझाडांवरची बेधडक फवारणी थांबवणे व पाइप हलवणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

याच विषयावरचं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. सभासदाच्या लेखी तक्रारीवर पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन तो त्याला कळवावा, असं आपल्याच सोसायटीच्या उपविधीत आहे. दरम्यान तीन बैठका झाल्या. लॉबीच्या टाइल्स ठरल्या, झाडांचा विषय इतिवृत्तातही आला नाही.

पत्राला चार पाकिटं टाचली आहेत. त्यांत पानं आहेत. कृपया ती हातात घेऊन, उजेडात धरून बघावीत. गेले आठ महिने मी एवढंच सांगते आहे की पान बघा, मग औषध आणा.

पहिल्या पाकिटात केसर आंब्याचं जुनं पान आहे. मध्ये हिरवं, पण टोक आणि दोन्ही कडा तपकिरी, हात लावला की चुरा होणाऱ्या. तळमजल्यावरचे सभासद याला करपा म्हणतात. करपा ठिपक्यांनी सुरू होतो आणि कोवळ्या पालवीला आधी धरतो. इथे कोवळी पानं स्वच्छ आहेत, जळतात ती जुनी. हे मीठ आहे. जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर प्लांट दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिठाच्या पाण्याने धुतात आणि ते पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून पाइपाने याच वाफ्यात सोडलेलं आहे. झाड ते पाणी ओढतं, पानातून पाणी उडून जातं, मीठ कडेला साठत राहतं. खात्री करायची असेल तर गेटपलीकडचं तिसरं कलम बघा. त्याच रोपवाटिकेतलं, त्याच ५ जूनला आपण सगळ्यांनी फोटो काढून लावलेलं. तिकडे पाइप जात नाही आणि त्याच्या एकाही पानाची कड जळलेली नाही.

याच कलमांना फेब्रुवारीत तांबूस पालवी फुटली होती. आंब्याची नवी पालवी तांबूसच असते, मऊ असते, खाली लोंबते. माझं माहेर देवगडजवळचं. ही पालवी बघतच मी मोठी झाले. ती रोगट आहे असं सांगून मालीकडून सगळी खुडून घेण्यात आली. मी खाली पोहोचेपर्यंत ती कचऱ्याच्या डब्यात गेली होती. दोन वर्षांच्या कलमाची अख्खी पालवी! त्या दिवशी मी कोणालाही एक शब्द वेडावाकडा बोलले नाही, हे मालीही सांगेल.

दुसऱ्या पाकिटात कागदी लिंबाचं शेंड्याकडचं पान आहे. पिवळं, पण शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. जुनी पानं आधी पिवळी पडली असती, तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी म्हटलं असतं, कारण ती झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंडा आधी पिवळा होतो. लोह मातीत असेलही, पण वरच्या वीतभर लाल मातीखाली बिल्डरचा राडारोडा आहे आणि चुनखडीच्या मातीत ते मुळांच्या हाती लागत नाही. मी तिथलं मूठभर काढून घरातलं व्हिनेगर ओतलं, तर फसफसून वर आलं. ए विंगमधली चार मुलं साक्षीला होती. समितीने काय केलं? युरिया टाकला. मी माझ्या पैशाने चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल असं लोह, आणून ठेवलं आहे, पण खारं पाणी सुरू असताना ते घालून काय उपयोग?

तिसऱ्या पाकिटातल्या लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा आहेत. ही नागअळी. इथे कीड आहे हे मी मोकळेपणाने मान्य करते; मी काही हट्टाला पेटलेली नाही. पण ही अळी पानाच्या सालीच्या आत राहते, वरून कितीही औषध मारा. नवी पालवी फुटताना पाच टक्के निंबोळी अर्क फवारला तर उपयोग होतो. त्याऐवजी तळमजल्यावरच्या सभासदांनी स्वतःच्या गावाकडून बाटली आणून मालीच्या हातात दिली. तिच्यावर लाल त्रिकोण आहे. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हिरवा नव्हे. फवारणी संध्याकाळी साडेपाचला झाली, मुलं घसरगुंडीवर असताना. मालीच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. फोटो मी ग्रुपवर टाकला, त्यावर दोन अंगठे आले आणि पुढे पाणीकपातीची चर्चा सुरू झाली.

चौथं पाकीट रिकामं आहे. त्यात सीताफळाचं पान असायला हवं होतं. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतं आणि उघडंबोडकं उभं राहतं, दरवर्षी. मार्चमध्ये ते ‘वाळलं’ म्हणून उपटलं. नखाने साल जराशी खरवडली असती तर खाली हिरवं दिसलं असतं. मी उपटलेल्या झाडावर खरवडून बघितलं. हिरवं होतं. झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलेलं आहे, हे आपण लक्षात घ्यावं.

मी एकटीच बोलते आहे असा कोणाचा समज असेल, तर बी विंगमधल्या निदान सहा घरांचं मत माझ्यासारखंच आहे. लिफ्टमध्ये सगळे हेच बोलतात. सह्या घेतल्या नाहीत, कारण मला वाद वाढवायचा नाही.

माझं मागणं मोठं नाही. पाइप ड्रेनेजच्या चेंबरकडे वळवावा. प्लंबर म्हणाला सहा फूट पाइप आणि एक बेंड लागेल. नंतर वाफा साध्या पाण्याने दोन-तीनदा भरून धुऊ द्यावा. ती बाटली ज्यांची त्यांना परत करावी आणि यापुढे फलकावर लिहिल्याशिवाय फवारणी करू नये. सीताफळाचं नवं रोप समितीने आणावं, मी नाही.

उद्या शुक्रवार आहे. बाकी निर्णय बैठकीत घ्या, पण उद्या सकाळी सातला प्लांट धुताना पाइपाचं तोंड तेवढं वाफ्यातून उचलून ठेवायला सांगावं. मी खाली येऊन थांबते.

आपली विश्वासू,
बी-२०४ मधील सभासद

सोबत : पाकिटं चार