तांब्याचे पाइप का काढले

मिनेसोटा

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलंत, चांगलं तांबं काढून प्लास्टिक कशाला घालतोस? दोन वाक्यांत ते पटलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं हे चाकांवरचं घर, १९६७चा. ओट्याखालून, पलंगाखालून सगळीकडे तांब्याचेच पाइप. आधीच्या मालकाकडे एका हिवाळ्यात तो पाण्यासकट उभा राहिला. इथे रात्री पारा शून्याखाली २० अंशांवर उतरतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पण जिथे बर्फ धरतो तिथेच पाइप फुटतो असं नाही. बर्फ पाइपात बुचासारखा सरकतो, त्याच्या आणि बंद नळाच्या मधलं पाणी कोंडतं आणि जी जागा कच्ची असेल ती उकलते. बेसिनखालचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, मी काढून पाहिला. पाठीवर नखाएवढी चीर, कडा बाहेर वळलेल्या. शेजारचा पाइप मात्र धडधाकट.

तेवढाच एल्बो बदलता आला असता. पण शिशाचा मला घोर होता. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना शिशाचा डाख द्यायला अमेरिकेत १९८६मध्ये बंदी झाली. हा ट्रेलर त्याआधीचा, आणि मुलं याच नळाचं पाणी पिणार. शिवाय नवा डाख द्यायचा तर लाकडी पॅनेलपासून चार बोटांवर ज्योत धरावी लागते. ते मला नकोच होतं.

म्हणून पेक्स घातला, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पाइप. गरम पाण्याला टिकतो, वाकतो, रस्त्यावरचे धक्के सोसतो. गोठला तर थोडा फुगून पूर्ववत होतो, पितळी जोड मात्र तेव्हाही तडकू शकतात. अर्धा इंची पेक्सचा बाहेरचा व्यास तांब्याच्या अर्धा इंची पाइपाइतकाच, ५/८ इंच. त्यामुळे फळ्यांतली जुनी भोकं तशीच कामी आली. उन्हात मात्र पेक्स खराब होतो, त्यामुळे बाहेर कुठेही उघडा ठेवलेला नाही.

जोडणी तुम्हाला आवडेल. पाइप काटकोनात कापायचा, तांब्याची रिंग सरकवायची, पितळी जोड आत ढकलायचा. रिंग टोकापासून थोडी मागे, १/८ ते १/४ इंचावर धरून लांब दांड्यांच्या पकडीने आवळायची. मग प्रत्येक रिंगवर गेज, म्हणजे ती नीट आवळली का ते तपासायचं माप, लावून बघायचं. गेज बसलं नाही, तर जोड कापून पुन्हा करायचा. इथे डोळ्यांच्या अंदाजावर मुळीच जाऊ नये.

पंप १२ व्होल्टचा आहे, दाब भरला की आपोआप थांबतो. सगळे नळ बंद असताना तो मधेच गुरगुरला, तर कुठेतरी गळतंय. रात्रभर तो गप्प राहिला, तेव्हाच मी फळ्या परत ठोकल्या.

गरम आणि गार, दोन्ही लाइनींच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायच्या तोट्या, बसवल्यात. हिवाळ्याआधी सगळं पाणी काढून गीझर बायपास करायचा आणि पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत पाइप न फुटू देणारं द्रव, भरायचं. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमधलं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी, पिण्याच्या लाइनीत चालत नाही.

ओट्याखालच्या टीचा, म्हणजे तीन तोंडी जोडाचा, फोटो पाठवतोय. तिथे पाइपाला अजून एक क्लॅम्प हवा का, तेवढं बघून सांगा. आईला सा. न.

तुमचा,
राजू