रॅमिलीजचं मॉडेल आणि एचएक्स 106

पुणे, रविवार

प्रिय विनू,

रॅमिलीज या ब्रिटिश युद्धनौकेचं मॉडेल करायला घेतलंस, हे झकास. तुझा प्रश्नही नेमका आहे. शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाउ ही 31 नॉटनी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पळणारी दोन नवी जर्मन युद्धजहाजं. समोर 1917 साली नौदलात आलेली, जेमतेम वीस नॉट काढणारी म्हातारी रॅमिलीज. तरी 8 फेब्रुवारी 1941 ला ती राखत असलेल्या एचएक्स 106 या मालवाहू जहाजांच्या ताफ्यावर, म्हणजे कॉन्व्हॉयवर, हात न टाकता ती दोघं निघून का गेली?

भिऊन नव्हे, हिशेब मांडून. रॅमिलीजच्या आठ तोफा 15 इंची, एकेका गोळ्याचं वजन सुमारे 879 किलो. जर्मनांच्या 28 सेंटिमीटर तोफांचा चिलखतभेदी गोळा 330 किलोचा. पल्ला मात्र उलटा. रॅमिलीजची नळी 20 अंशांपर्यंतच वर उचलायची, म्हणून गोळा 21-22 किलोमीटरच्या पुढे जात नसे. जर्मनांचा पल्ला कागदावर चाळीस किलोमीटर. पण हे कागदावरचं. चालत्या जहाजावर सर्वांत लांबून लागलेले नेम बघ: ब्रिटिश वॉरस्पाइटने इटलीच्या जूलिओ चेझारेला टिपलं ते साधारण 24 किलोमीटरवरून, आणि खुद्द शार्नहॉर्स्टने ग्लोरियस या ब्रिटिश विमानवाहू नौकेला तेवढ्याच अंतरावरून. त्यापलीकडे दारूगोळा वाया. म्हणजे खात्रीने मारायचं तर रॅमिलीजच्या टप्प्यात शिरणं आलं. आणि एक पंधरा इंची गोळा बॉयलर-खोलीत शिरला की वेग गेला. जवळपास स्वतःची गोदी नाही, मध्ये सगळा अटलांटिक आणि मागावर होम फ्लीट, म्हणजे ब्रिटनचं मायदेशीचं आरमार.

शार्नहॉर्स्टच्या कॅप्टन हॉफमनने डाव सुचवला होता: मी हिला लांब ओढून नेतो, ग्नायझेनाउने मालवाहू जहाजं बुडवावीत. अ‍ॅडमिरल ल्युट्येन्स या दोन्ही जहाजांच्या प्रमुखांनी साफ नकार दिला, कारण तोडीस तोड युद्धनौकेशी झुंजू नये असा हुकूमच होता. माझ्या मते डाव तसाही फसला असता. एस्कॉर्टवरच्या, म्हणजे राखणीला सोबत असलेल्या, युद्धनौकेचं काम पाठलाग नव्हे, कॉन्व्हॉयला चिकटून राहणं. वीस नॉटनी एकतिसाचा पाठलाग करणार तरी कसा?

या कामावर म्हाताऱ्यांची गरज किती, हे दाखवलं जर्व्हिस बेने. 5 नोव्हेंबर 1940 ला सहा इंची तोफा बसवलेलं हे प्रवासी जहाज एचएक्स 84 सोबत एकटंच होतं. ते अ‍ॅडमिरल शेअर या जर्मन युद्धनौकेच्या अंगावर गेलं आणि बुडालं. कॉन्व्हॉयला पांगायला वेळ मिळाला, तरी पाच मालवाहू जहाजं गेलीच. हॅलिफॅक्सहून (कॅनडा) निघणाऱ्या ताफ्यांसोबत जुन्या युद्धनौका आधीही जात, पण मग त्यावर जास्त भर आला.

पण आठ-नऊ नॉटनी रांगेत चालणारी युद्धनौका म्हणजे पाणबुडीला आयतं सावज, म्हणून तिला मालवाहू जहाजांच्या रांगांमध्ये घालत. एवढं करूनही मलाया या अशाच जुन्या युद्धनौकेला 20 मार्च 1941 ला टॉर्पेडो लागलाच. एसएल 68 या ताफ्यावर यू-106 या जर्मन पाणबुडीने रात्री सावल्यांवर नेम धरला, आणि एक सावली मलायाची निघाली. ती कशीबशी त्रिनिदादला पोचली, पुढची दुरुस्ती न्यूयॉर्कला.

आता तुझ्या कामाचं. जहाजात जे वाढत गेलं ते मुख्यतः विमानांसाठी आणि अंधारासाठी. 4 इंची जोडतोफा आणि दोन आठनळी पॉम-पॉम (झटपट मारा करणाऱ्या विमानवेधी तोफा) युद्धाआधीचेच. ओर्लिकॉन या 20 मिलिमीटरच्या हलक्या विमानवेधी तोफा नंतरच्या. त्यांना वीज लागत नाही, डेकमध्ये बोल्ट मारून बसवायचे, म्हणून जिथे गोळीबाराला मोकळी जागा दिसेल तिथे ते ठोकत गेले. ड्रममध्ये 60 फैरी आणि मिनिटाला 450 चा वेग, म्हणजे आठ सेकंदांत ड्रम रिकामा. भरलेला ड्रम जवळजवळ 28 किलोचा. हलत्या डेकवर तो चढवणाऱ्या गड्याच्या दंडांवर सगळं अवलंबून. आणि प्रत्येक काडतुसाला ग्रीसचा हात लावावाच लागे, नाहीतर ते चेंबरमध्ये अडकायचं.

रडारचे अँटेना ओळखायला सोपे. आकडे म्हणजे रडारचे प्रकार. 284 मुख्य तोफांच्या नेमासाठी, डायरेक्टरवर, म्हणजे तोफांना नेम सांगणाऱ्या उंचावरच्या ठाण्यावर. 285 विमानवेधी तोफांचं, माशाच्या काट्यासारख्या दांड्यांचं. 279 मास्टच्या टोकांवर, विमानांसाठी. 273 कंदिलासारख्या घुमटात, दहा सेंटिमीटर लहरींचं. रात्री पाण्यावर आलेली पाणबुडी हे पकडू शकत असे. अडचण वजनाची. उंचावर भर पडली की जहाजाचा तोल ढळतो. शिवाय प्रत्येक तोफेमागे माणसं वाढतात, आणि झोपायची जागा तेवढीच.

पाण्याखालच्या धोक्याला यातलं काहीच पुरत नव्हतं. पाण्यालगतचा फुगवटा, ज्याला बल्ज म्हणतात, तो रॅमिलीजला बांधतानाच जोडलेला. तरी 30 मे 1942 ला मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात जपानी छोट्या पाणबुडीचा टॉर्पेडो डाव्या बाजूला पुढे लागला. नाक खाली गेलं. वजन कमी करायला तेल आणि दारूगोळा उतरवला, मग कुठे डर्बन गाठता आलं.

तेव्हा मॉडेल फेब्रुवारी 1941 चं करणार असशील, तर ओर्लिकॉन आणि 273 चा कंदील डबीतच राहू दे. चिकटवले तर एचएक्स 106 चं जहाज उरणार नाही. बल्ज मात्र घासून सपाट करू नकोस, किटमध्ये तो नेमका तिथेच बारीक निघतो.

तुझा,
श्रीकांत