ती राइन नाही, लान नदी

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या गरम पाण्याच्या गावांवर लेख आला, छान होता, पण जर्मनीतल्या बाड एम्सच्या फोटोखाली 'राइन नदीकाठी' छापलंय. ती लान नदी आहे, राइन तिथून थोडी पुढे कोब्लेन्झच्या बाजूला. मुलगी कोब्लेन्झला असते म्हणून दोनदा जाणं झालं, नाहीतर मलाही काय कळलं असतं!

दुसरं म्हणजे लेखात फक्त १८७० च्या तारेचीच गोष्ट होती. ती आहेच म्हणा, १३ जुलैला प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा इथे फिरायला निघालेला असताना फ्रेंच राजदूत बेनेडेटीने त्याला गाठलं, ते तारेने बर्लिनला कळवलं गेलं, मग प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने त्या तारेला कात्री लावून ती छापायला दिली आणि आठवडाभरात फ्रान्सने युद्ध पुकारलं. नदीकाठी त्या जागी एक साधा दगड बसवलाय, त्यावर वेळसुद्धा कोरलीये, सकाळी ९ वाजून १० मिनिटं. लोक त्याच्या बाजूने कुत्री फिरवत जातात, बघतही नाहीत.

पण मला जास्त गंमत वाटली ती गाव चालवायचं कोणी याची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एम्सला दोन मालक, हेसे आणि नासाऊ या दोन जर्मन संस्थानांचे, म्हणजे झरे एकाच गावात पण स्नानगृहं ज्याची त्याची वेगळी. अगदी भावकीतल्या सामायिक विहिरीसारखं. मग गाव नासाऊच्या डचीत, म्हणजे ड्यूकच्या संस्थानात, गेलं, १८५८ ला रेल्वे आली, जुगाराचा पैसा येतच होता, १८६६ ला प्रशियाने सगळंच गिळलं आणि १८७२ अखेर जुगार बंद. कॅसिनो परत उघडला तो थेट १९८७ ला. आणि हो, १८७६ मध्ये रशियाच्या झारने युक्रेनियन भाषेतल्या पुस्तकांवर बंदी घातली तो हुकूमही इथेच निघाला, पाणी प्यायला आला होता आणि जाता जाता एका भाषेची छपाई थांबवून गेला. मराठी पेपरात हे यायला हवं होतं असं मला वाटतं.

आज दहाएक हजार वस्ती. नगराध्यक्ष लोक थेट निवडतात पण पद मानद, पगारी नाही, नुसता भत्ता. रोजचं ऑफिसचं काम आजूबाजूच्या गावांशी मिळून एका संयुक्त कारभाराकडे असतं, त्यात २०१९ पासून शेजारचं नासाऊ नावाचं गाव पण आलं. आपल्याकडे शेजारच्या दोन नगरपालिका अशा एक करून दाखवा बरं!

पाणी मी प्यायलो, कोमट, खारट, सोडा घातल्यासारखं. दुसरा घोट मुलीने घेऊ दिला नाही.

तेवढा फोटोखालचा मजकूर पुढच्या अंकात दुरुस्त करा.

— आपला एक जुना वाचक, पुणे